दुकानाची पाटी कोणाच्या नावावर?



बडनेरा हे माझे गाव. जंक्शन म्हणून त्याचे नाव पुष्कळांच्या ओठी आहे, परंतु तेथे मुक्काम करण्याचा प्रसंग फारसा कोणास येत नाही. अमरावतीचा उतारू येथे गाडी बदलतो आणि निघून जातो. अशा या गावी मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा संगणक आणि इंटरनेट या विषयांवर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मलाही ते वाटते. पण माणूस कित्येक गोष्टी हौसेने शिकतो, आणि कित्येक ठेच लागल्यावर शिकतो. माझे शिक्षण दुसऱ्या प्रकारचे आहे.

माझी धाकटी बहीण उन्हाळ्यात पापड, कुरडया, सरगुंडे, मुगवड्या आणि लोणची करून विकते. यजमान गेल्यावर तिने हा उद्योग आरंभिला व त्यावर दोन मुलांची शिक्षणे केली. पुण्यामुंबईस गेलेली वऱ्हाडी कुटुंबे तिच्याकडून माल मागवीत. पुढे कोणी सुचविले की, आता सर्व व्यवहार इंटरनेटवर होतात, तुम्हीही एक संकेतस्थळ काढा. संकेतस्थळे बांधून देणारा एक ओळखीचा गृहस्थ होता. बहिणीने मला विचारले. मी म्हटले, "माणूस माहितीतला आहे, दे काम." पैसे दिले, आणि पंधरा दिवसांत दुकान उभे राहिले. सुंदर छायाचित्रे, भावाचा तक्ता, वर दुकानाचे नाव. तीन वर्षे ते उत्तम चालले.

चौथ्या वर्षी, ऐन वैशाखात, एके सकाळी बहीण माझ्या दारी आली. हातात फोन होता. म्हणाली, "दादा, माह्या दुकानाची पाटी कोनं काढून नेली?" पाहतो तो, तिच्या दुकानाच्या पत्त्यावर कसल्याशा भलत्याच जाहिराती लागलेल्या. पुण्याच्या गिऱ्हाइकांचे फोन येत होते : ताई, दुकान बंद केले काय?

शोध घेता कळले ते असे. दुकानाचे नाव त्या गृहस्थाने स्वतःच्या नावावर नोंदविले होते. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्याच टपालपेटीत जात होत्या. तो तो धंदा सोडून परगावी गेला होता. पैसे भरले गेले नाहीत, मुदत संपली, आणि मोकळे झालेले नाव दुसऱ्या कोणी घेतले. यात चोरी कोणीच केली नव्हती. बहिणीचे म्हणून ते नाव कागदोपत्री कधी नव्हतेच. आणि "कागद कोणाच्या नावाचा?" हा एक प्रश्न विचारावयाचे काम माझे होते, ते मी केले नाही. त्यानंतर मी हा विषय समजून घेतला. तो आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम, हे नाव म्हणजे काय ते पाहू. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता असतो. यंत्रास अंक सोपे, माणसास नाव सोपे. हा पेच नवा नाही. टपालखात्यापुढे तो आला, तेव्हा १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल-तारखात्यातील अधिकारी, आणि तितकेच नामांकित संस्कृत कवी. अमरावती म्हणजे ४४४६०१, बडनेरा म्हणजे ४४४७०१. रेल्वेनेही तोच पेच आपल्या रीतीने सोडविला आहे : बडनेरा म्हणजे 'बी-डी', अकोला म्हणजे 'ए-के'. एका संकेताचे स्थानक साऱ्या देशात एकच. दोन स्थानकांस एक संकेत दिला, तर मालगाडी कोठे जाईल हे देवच जाणे!

इंटरनेटच्या आरंभी यंत्रे थोडी होती. त्यांच्या नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवलेली असे, आणि जो तो ती उतरवून घेई. यंत्रे वाढली तशी ती यादी आवरेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची नवी व्यवस्था रचली. तीस 'डोमेन नेम सिस्टिम' म्हणतात, आणि अशा नावास 'डोमेन'. 'डॉट कॉम'ने संपणारे पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदविले गेले.

या व्यवस्थेचे मर्म टपालाच्या पाकिटावर सापडते. पाकिटावर आपण आधी व्यक्तीचे नाव लिहितो, मग गल्ली, गाव, जिल्हा, राज्य. टपाल वाटणारा मात्र खालून वर वाचतो : आधी राज्य, मग जिल्हा, मग गाव. डोमेन नावही असेच शेवटाकडून वाचले जाते. समजा, नावाच्या शेवटी 'डॉट इन' आहे. आपला संगणक प्रथम मूळ दप्तरास विचारतो, 'इन'चा कारभार कोणाकडे? त्याने दाखविलेल्या दप्तरास विचारतो, अमुक दुकानाची माहिती कोणाकडे? तेथून तिसऱ्या ठिकाणी जातो आणि अंकी पत्ता घेऊन येतो. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते, म्हणून ते आपल्या ध्यानी येत नाही.

आता या दप्तरांचे कारभारी कोण? सर्वांच्या वर 'आयकॅन' नावाची संस्था आहे. ती १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. तिच्याखाली प्रत्येक शेवटाचे दप्तर सांभाळणारी एकेक संस्था. आपल्या 'डॉट इन'चे दप्तर 'निक्सी' ही २००३ साली स्थापन झालेली भारतीय संस्था सांभाळते, आणि २००५ पासून ते सर्वसामान्यांस सुलभपणे खुले आहे. या दप्तरात आपण होऊन नाव लिहिता येत नाही. त्यासाठी अधिकृत नोंदणीकार असतात. आपल्याकडील कापसाच्या बाजारातील अडत्या आठवा. माल शेतकऱ्याचा, बाजार समितीचा, आणि मधला व्यवहार अडत्याचा. येथेही तसेच आहे : दप्तर संस्थेचे, नाव तुमचे, आणि मधला व्यवहार नोंदणीकाराचा. अडत्या पसंत नसला तर बदलता येतो. नोंदणीकारही बदलता येतो. त्यासाठी हस्तांतराचा एक गुप्त संकेत मागून घ्यावा लागतो. मात्र अडत्याने माल स्वतःच्या नावे मांडला, तर शेतकऱ्याचे काय होते, ते मी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, नाव विकत मिळत नाही, पट्ट्याने मिळते. वऱ्हाडातील माणसास पट्टा नवा नाही. १९०२ साली निजामाने आमचा सबंध वऱ्हाड प्रांत इंग्रजांस सालिना पंचवीस लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला होता! डोमेनचा पट्टा कायमचा नसतो. तो कमीत कमी एक वर्षाचा व एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. मुदतीपूर्वी पैसे भरावे आणि तो वाढवीत जावे. 'डॉट कॉम'सारख्या नावांच्या बाबतीत नोंदणीकाराने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना व सुमारे एक आठवडा अशी दोनदा सूचना द्यावी, आणि मुदत टळल्यावर पाच दिवसांत आणखी एकदा द्यावी, असा आयकॅनचा नियम आहे. तरीही पैसे न भरल्यास नाव रद्द होते. त्यानंतर तीस दिवस जबर शुल्क भरून ते सोडविता येते. तेही टळले की नाव बाजारात मोकळे. अशा मोकळ्या होणाऱ्या नावांवर डोळा ठेवून बसलेले व्यापारी जगात पुष्कळ आहेत. ज्या नावावर गिऱ्हाइकांचा राबता आहे, ते नाव त्यांना आयते मिळते. बहिणीचे नाव गेले ते याच वाटेने.

बरे, नाव निवडावे कसे? ते आखूड असावे आणि फोनवर एकदा सांगितले असता ऐकणाऱ्यास बरोबर लिहिता यावे. आपल्या भाषेची येथे एक अडचण आहे. 'वऱ्हाड' हा शब्द रोमन लिपीत लिहावयाचा तर दहा माणसे चार तऱ्हांनी लिहितील. अमेरिकेतील मराठी मंडळींचे 'मायबोली' हे संकेतस्थळ १९९६ च्या गणेशचतुर्थीपासून चालू आहे; त्याच्या रोमन नावात 'मा' या अक्षरासाठी 'ए' हे अक्षर दोन वेळा लिहावे लागते. इतकी वर्षे चाललेल्या स्थळास हे चालते, कारण वाचकांस ते पाठ झाले आहे. नव्या दुकानदाराने ज्याचे स्पेलिंग एकच होईल असे नाव घ्यावे. नावात रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच चालते, व एका भागात त्रेसष्टाहून अधिक अक्षरे चालत नाहीत. त्रेसष्ट अक्षरे लिहिण्याचा मोह कोणास होऊ नये!

देवनागरीची आवड असणाऱ्यांस एक आनंदाची गोष्ट सांगतो. २७ ऑगस्ट २०१४ पासून 'डॉट भारत' हा देवनागरी शेवट उपलब्ध आहे, आणि त्यात नावही मराठीत घेता येते. यंत्र आतल्या आत त्याचे रोमन अक्षरांत रूपांतर करते. आपणांस ते दिसत नाही. मात्र अशा नावाचा टपालपत्ता सगळ्याच ठिकाणी अजून स्वीकारला जात नाही. म्हणून माझी सूचना अशी की, मुख्य पाटी 'डॉट इन' किंवा 'डॉट कॉम'ची ठेवावी, आणि ऐपत असल्यास देवनागरी पाटी तिच्या जोडीस लावावी. दोन्ही पाट्या एकाच दुकानाकडे वळविता येतात.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावासारखे नाव घेऊ नये. 'सत्यम इन्फोवे' आणि 'सिफीनेट' यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला की, डोमेन नाव हा केवळ पत्ता नव्हे. व्यापारी नावास जे संरक्षण मिळते, ते त्यालाही मिळते. 'डॉट इन'च्या नावांविषयीचे तंटे सोडविण्यास निक्सीची लवादाची पद्धत आहे. तात्पर्य, दुसऱ्याच्या नावावर आपले दुकान चालवू पाहणारास ते नाव गमवावे लागते, आणि आपले नाव प्रामाणिकपणे चालविणारास दाद मागता येते.

आता प्रत्यक्ष नोंदणी. नोंदणीकाराच्या स्थळावर जाऊन हवे ते नाव मोकळे आहे की नाही ते पाहावे. तेथे पहिल्या वर्षाची किंमत पुष्कळदा फार थोडी दाखविलेली असते. तिच्यावर भुलू नये. दुसऱ्या वर्षापासूनचा दर काय, हे आधी पाहावे. नंतर चार गोष्टी जातीने कराव्या. पहिली, धारकाच्या रकान्यात स्वतःचे नाव लिहावे. दुसरी, टपालपत्ता व फोन स्वतःचा द्यावा. बांधून देणाराचा, भाच्याचा, शेजाऱ्याचा देऊ नये. तिसरी, खात्याचा परवलीचा शब्द आपल्यापाशी ठेवावा आणि फोनवर येणाऱ्या संकेताची दुसरी कडीही लावावी. चौथी, आपोआप नूतनीकरणाची सोय चालू ठेवावी, आणि तिच्यावरही सर्वस्वी विसंबू नये. बँकेचे कार्ड बदलले की ही सोय मुकाट्याने थांबते. मुदतीची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत तांबड्या शाईने लिहावी.

नाव झाले, आता दुकान. पाटी वेगळी आणि दुकानाची जागा वेगळी, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. संकेतस्थळाची पाने व चित्रे ज्या यंत्रावर राहतात, त्या यंत्राची जागा भाड्याने घ्यावी लागते. तीस 'होस्टिंग' म्हणतात. नावाचे शुल्क एक, जागेचे भाडे दुसरे. दोन्ही एकाच ठिकाणी भरली तरी ती निरनिराळी आहेत हे विसरू नये. जागा गैरसोयीची झाली तर दुकान हलविता येते. पाटी आपली असली की ती नव्या जागेकडे वळवावी, गिऱ्हाइकास कळतही नाही. पण पाटीच गेली, तर जागा असून काय उपयोग?

पत्त्याच्या आरंभी कुलपाचे चिन्ह असते तेही घ्यावे. त्यामुळे गिऱ्हाइकाने भरलेला मजकूर वाटेत कोणास वाचता येत नाही. त्याचे प्रमाणपत्र २०१५ पासून 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था विनामूल्य देते, व बहुतेक जागावाले ते आपण होऊन लावून देतात. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागितली, तर का मागतो ते विचारावे. मात्र एक खूणगाठ बांधावी : कुलूप म्हणजे वाट सुरक्षित असल्याची खूण; दुकानदार सचोटीचा असल्याची ती साक्ष नव्हे.

दुकानात काय असावे? पदार्थाचे खरे छायाचित्र, वजन, किंमत, टपालखर्च, किती दिवसांत पोहोचेल याची प्रामाणिक कल्पना, आणि दुकानदाराचे नाव, पत्ता व फोन. पैसे घेण्यास २०१६ साली सुरू झालेली यूपीआयची सोय आहेच. तीत एक पथ्य : पैसे घेण्यासाठी आपला गुप्त अंक कधीही द्यावा लागत नाही. तो मागणारा माणूस गिऱ्हाईक नसून ठक आहे, असे खुशाल समजावे.

कायद्याचीही थोडी ओळख असावी. खाद्यपदार्थ विकणाराने अन्न सुरक्षा कायदा, २००६ अन्वये नोंदणी किंवा परवाना घेतला पाहिजे, मग ते दुकान घरच्या ओसरीत का असेना. बांधलेल्या पुड्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष आणि करणाराचे नाव-पत्ता छापला पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणारा माणूस नेमून त्याचे नाव स्थळावर द्यावे, तक्रार आल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी, व महिन्याच्या आत तिचा निकाल लावावा. वस्तू व सेवा कराविषयी सांगावयाचे तर, राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या लहान व्यापाऱ्यास उलाढालीच्या मर्यादेपर्यंत सूट आहे. परंतु करपात्र माल परराज्यात पाठविणारास ती सूट साधारणतः मिळत नाही. पापड करमुक्त, तर लोणचे करपात्र. म्हणजे बडनेऱ्याहून हैदराबादेस लोणच्याची बरणी पाठविण्यापूर्वी एखाद्या जाणत्या लेखापालास विचारावे हे बरे. लहान उद्योगाची 'उद्यम' नोंदणी २०२० पासून सरकारी स्थळावर विनामूल्य होते. तिच्यासाठी कोणास पैसे देण्याचे कारण नाही.

आपणांपैकी कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मोठमोठ्या कंपन्यांच्या बाजारात माल ठेवता येतो की. येतो, आणि आरंभी तो मार्ग वाईट नाही. पण तो आठवडी बाजारातील भाड्याचा ओटा आहे. गर्दी आयती मिळते, पण ओट्याचे नियम आणि दर मालक ठरवितो, आणि गिऱ्हाईकही त्याचेच असते. स्वतःचे नाव असलेल्या दुकानी गर्दी थोडी, पण आलेले गिऱ्हाईक आपले. पुण्याच्या 'बुकगंगा'ने अशा स्वतःच्या नावाच्या स्थळावरून मराठी पुस्तके देशोदेशीच्या वाचकांस पोहोचविली. दोन्ही मार्ग एकाच वेळी चालविण्यास हरकत नाही; ओट्यावर विकल्या गेलेल्या पुड्यावर आपल्या दुकानाचा पत्ता छापला म्हणजे झाले.

असो. बहिणीच्या दुकानाचे पुढे काय झाले, हे सांगून पुरे करतो. गेलेले नाव परत मिळाले नाही. ज्याच्या हाती ते गेले होते, त्याने मागितलेली किंमत तिच्या दोन उन्हाळ्यांच्या कमाईहून अधिक होती. ते वर्ष वाईट गेले. वाळवून ठेवलेल्या कुरडयांचे डबे घरीच राहिले. दिवाळीनंतर आम्ही नवे नाव घेतले, पाच वर्षांच्या मुदतीने. अर्ज भरताना मी सवयीने माझा फोन लिहू लागलो. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "नाही दादा, माह्या नावावर, माह्या फोनावर." मी खुर्चीवरून उठलो आणि तिला बसविले. एकेक अक्षर शोधून तिने आपले नाव स्वतः टंकले. नंतर वहीतून जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते काढून दोघांनी शंभरावर पोस्टकार्डे लिहिली. निम्मी गिऱ्हाइके परत आली. बाकीची येतील, अशी आशा आहे.

आता त्या नोंदणीची पावती तिच्या घरी सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवलेली असते, आणि मुदतीची तारीख व खाते कसे उघडावयाचे, हे तिच्या दोन्ही मुलांस ठाऊक आहे. आपण आज आहो, उद्या नाही. दुकानाचे नाव मात्र आपल्याबरोबर जाऊ नये.

पस्तीस वर्षे मी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलांची नावे लिहिली. एका अक्षराची चूक झाली, तर तो मुलगा म्हातारा होईपर्यंत कचेऱ्यांचे उंबरे झिजवितो, हे मी पाहिले आहे. म्हणून नाव लिहिताना पालकांस मी नेहमी दोनदा विचारीत असे. स्वतःच्या बहिणीच्या वेळी मात्र ते विचारावयाचे राहून गेले. आपणांपैकी कोणाच्या घरी असे दुकान असेल, तर आज रात्री जेवणे आटोपल्यावर एवढे एकच पाहावे : नोंदणीच्या दप्तरात नाव कोणाचे आहे? दुसऱ्या कोणाचे निघाले, तर मुदत संपावयाची वाट न पाहता, माणूस गावात आणि स्नेहात आहे तोवरच ते आपल्या नावावर करून घ्यावे.